एकाच बांधाचे दोन पत्ते : नकाशावरचे आकडे बदलताना नेमकं काय होतं?

सिंहस्थ जवळ आला की नाशकात रस्ते रुंद होतात, आणि रस्ते रुंद व्हायचे म्हणजे मोजणी आलीच. मोजणीचं तंत्रही आता पालटलंय. साखळी आणि प्लेन टेबल मागे पडून रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या संकेतांवरून जागा मोजणारं यंत्र आलं, आणि मोजणीच्या ‘क’ प्रतीवर, म्हणजे मोजणीनंतर मालकाला मिळणाऱ्या नकाशावर, गटाच्या कोपऱ्यांचे आकडे छापून यायला लागले. कागद घरी आला की घरातलं तरुण पोर पहिल्यांदा काय करतं, तर ते आकडे मोबाइलच्या नकाशात टाकून बघतं. टिंब पडतं शेजारच्या द्राक्षबागेत. कधी विहिरीत, कधी थेट दुसऱ्या जिल्ह्यात. मग घरात दोन तट पडतात. मोजणीवाल्यांनी घोळ घातला, असं एकाचं म्हणणं. शेजाऱ्याने बांध कोरला, असं दुसऱ्याचं.

बांध बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. आकडे एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना कुणीतरी एक पायरी गाळलेली असते. जागेचा आकडा कुठल्या पद्धतीतला आहे हे सोबत लिहिलं नसेल, तर तो अर्धाच पत्ता असतो. आणि या गाळलेल्या पायरीने होणारी चूक यंत्राच्या चुकीपेक्षा कैक पटींनी मोठी निघते.

आधी सगळ्यात सोपी गफलत

एका अंशाची ६० मिनिटं आणि एका मिनिटाचे ६० सेकंद, हे शाळेत झालंय. मोबाइलला मात्र दशांश अपूर्णांक आवडतात. कागदावर १९ अंश ५९ मिनिटं ५० सेकंद असा अक्षांश असला की घाईत माणूस १९.५९५० टाइप करून मोकळा होतो. खरं तर ५९ ला ६० ने भागायचं, ५० ला ३६०० ने भागायचं आणि दोन्ही उत्तरं १९ मध्ये मिळवायची. उत्तर येतं १९.९९७२. दोन आकड्यांत ०.४ अंशाचा फरक आहे आणि अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणजे नाशिक शहरातली जागा ४५ किलोमीटर दक्षिणेला सरकून अकोले तालुक्यात, कळसूबाईच्या डोंगररांगेत जाऊन बसली.

दुसरी गफलत क्रमाची. मोबाइलच्या नकाशात आधी अक्षांश, मग रेखांश लिहितात. संगणकावरच्या काही फाइलींत, उदाहरणार्थ जिओजेसनमध्ये, नेमकं उलटं असतं. नाशिकचा २०.०० आणि ७३.७९ हा जोड उलटा टाकला तर टिंब पडतं नॉर्वेच्या उत्तरेला, बॅरेंट्स समुद्रात, बेअर बेटाच्या जवळपास. या चुकांचं एक बरं आहे, त्या इतक्या मोठ्या असतात की लगेच पकडल्या जातात. खरी डोकेदुखी असते ती शंभरेक मीटरची चूक, कारण तेवढ्याने गाव तेच राहतं, शिवार तेच राहतं, आणि फक्त मालक बदलतो.

नाशकातून २० अंशाच्या दोन रेषा जातात

वाचायला विचित्र वाटेल, पण खरं आहे. त्यासाठी ‘डेटम’ ही एक कल्पना समजून घ्यावी लागते.

पृथ्वी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. शिवाय डोंगरदऱ्यांनी खडबडीत. तिच्यावर अक्षांश-रेखांश मोजायचे तर आधी एक गुळगुळीत लंबगोल मनाशी धरावा लागतो. तो किती मोठा, किती चपटा आणि त्याचं केंद्र कुठे, हे सगळं ठरवणं म्हणजे डेटम. हा निर्णय बदलला की जमीन तीच राहते, पण तिचा अक्षांश बदलतो.

आपल्याकडे हा निर्णय झाला तो एकोणिसाव्या शतकात. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळून भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि जॉर्ज एव्हरेस्टने ती पुढे नेली. त्या मापांवरून १८३० चा ‘एव्हरेस्ट लंबगोल’ ठरला आणि मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हा त्याचा आरंभबिंदू झाला. उपग्रह नव्हते, त्यामुळे पृथ्वीचं केंद्र नेमकं कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. हातात होती ती फक्त भारतातली जमीन. तिच्यावर नीट बसेल असा लंबगोल त्यांनी निवडला, आणि तो खरोखरच छान बसला. मात्र त्याचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून आठशे मीटरहून जास्त दूर पडलं.

मोबाइलमधलं जीपीएस वापरतं डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम. त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळवलेलं आहे आणि विषुववृत्तावरची त्याची त्रिज्या ६३७८.१३७ किलोमीटर धरली आहे. एव्हरेस्टची त्रिज्या त्याहून साडेआठशे मीटरच्या आसपास कमी.

आता नाशिक. २० अंश उत्तर अक्षांशाची रेषा आपल्या शहरातूनच जाते. म्हणूनच सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांत नाशिक एका कागदावर मावत नाही. पंचवटी ४६ एच/१६ या शीटवर, तर नाशिकरोड ४७ ई/१३ वर. दोन्ही शीट जिथे जोडायच्या ती कडा म्हणजे २० अंशाची रेषा, पण एव्हरेस्टवरची. तुमच्या मोबाइलची २० अंशाची रेषा तिच्या दक्षिणेला ढोबळमानाने ९० मीटरवर आहे. पूर्व-पश्चिम दिशेलाही फरक पडतो, तो ८० मीटरच्या आसपास. दोन्ही एकत्र धरले तर सरळ रेषेत जवळपास १२० मीटर, म्हणजे चारशे फूट. चौकोनी एक एकर तुकड्याची बाजू सुमारे ६४ मीटर असते, यावरून काय ते समजा.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लोकांसाठीची नवी नकाशामालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आणली. जुन्या शीट मात्र स्कॅन होऊन एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर फिरतच आहेत. स्कॅनवर डेटम लिहिलेला असतो खाली समासात, आणि स्कॅन करताना समास कापायची आपल्याकडे फार हौस.

गोल खांद्यावर सपाट कापड

अक्षांश-रेखांश झाले कोनांचे आकडे. शेताची लांबी मीटरात हवी, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये हवं, तर गोल पृष्ठभाग सपाट कागदावर उतरवावा लागतो. या उतरवण्याला म्हणतात प्रक्षेपण. गोल पृष्ठ ताणल्या-दाबल्याशिवाय सपाट होऊ शकत नाही, हे गाउसने १८२७ मध्ये गणिताने दाखवून दिलं. शिंप्याला हे गणिताशिवाय ठाऊक असतं. सपाट कापड गोल खांद्यावर बसवायचं तर कुठे चुणी घ्यावी लागते, कुठे कापड ताणावं लागतं. चुणी कुठे घ्यायची एवढंच त्याच्या हातात. नकाशा करणाऱ्यालाही तेवढीच निवड असते. मर्केटरने १५६९ मध्ये कोन जपले, कारण दर्यावर्दी लोकांना दिशा हवी होती. क्षेत्रफळाचा त्याने बळी दिला.

मोजणीच्या कामात सगळ्यात जास्त दिसणारं प्रक्षेपण म्हणजे यूटीएम. घेरदार घागऱ्याच्या कळ्या असतात तशी यात पृथ्वीची उभी कापणी केली आहे: ६० कळ्या, प्रत्येकी ६ अंश रुंद. कळी अरुंद ठेवली की ताण कमी पडतो. नाशिक ४३ व्या विभागात येतं, ७२ ते ७८ अंश पूर्व. या विभागाची मधली रेषा ७५ अंशांवर.

२०.०० उत्तर, ७३.७९ पूर्व ही जागा घेऊ. रामकुंडाच्या दक्षिणेला किलोमीटरभराच्या आतबाहेर, जुन्या नाशकात. यूटीएममध्ये तिचे आकडे होतात पूर्व ३,७३,४२० आणि उत्तर २२,११,९३८. दुसरा आकडा म्हणजे विषुववृत्तापासूनचे मीटर, सुमारे २,२१२ किलोमीटर. पहिला जरा फसवा आहे. मधल्या रेषेच्या पश्चिमेला आकडे उणे होऊ नयेत म्हणून त्या रेषेलाच ५,००,००० ही किंमत देऊन टाकलेली असते. ५,००,००० मधून ३,७३,४२० वजा केले की उरतात १,२६,५८०. म्हणजे आपण ७५ अंशाच्या रेषेपासून सुमारे १२६.६ किलोमीटर पश्चिमेला आहोत.

गंमत अशी की हेच आकडे प्रत्येक कळीत पुन्हा येतात. महाराष्ट्र दोन कळ्यांत पसरलाय. नागपूर ४४ व्या विभागात आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग अमरावती-वर्ध्याच्या पट्ट्यात एका कळीतून दुसरीत जातो. वरचे आकडे तसेच ठेवून कुणी विभाग ४३ ऐवजी ४४ निवडला, तर जुन्या नाशकातली जागा थेट चंद्रपूर-गडचिरोलीच्या सीमेजवळ जाते, सव्वासहाशे किलोमीटर लांब.

“मग सपाट करताना माझं क्षेत्र घटलं का?”

हा प्रश्न हमखास येतो आणि रास्तही आहे. उत्तर: घटतं, पण किती ते आधीपासून ठाऊक असतं.

यूटीएममध्ये मधल्या रेषेवर मुद्दामच लांबी ०.९९९६ पट धरतात, म्हणजे कडेला गेल्यावर ती फार फुगत नाही. नाशिकच्या जागी हा गुणक साधारण ०.९९९८ आहे. म्हणजे जमिनीवरच्या एका किलोमीटरमागे कागदावर २० सेंटीमीटर कमी. त्यात नाशिक आहे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. प्रक्षेपणाचं गणित खालच्या लंबगोलावर चालतं, त्यामुळे आणखी ८ सेंटीमीटर जातात. एकूण किलोमीटरमागे २८ सेंटीमीटर.

क्षेत्राला हा फरक दुप्पट लागतो. एका हेक्टरमागे पाच-सहा चौरस मीटर. दोन हजार चौरस फुटांच्या प्लॉटमागे जेमतेम एक चौरस फूट. घरच्या प्लॉटसाठी कुणी झोप उडवून घेऊ नये. पण वीस-तीस किलोमीटरचा रस्ता आखताना किलोमीटरमागे २८ सेंटीमीटर साठत जातात आणि ३० किलोमीटरला ८.४ मीटर होतात. म्हणून अशा कामात इंजिनिअर उलट गुणक लावून जमिनीवरची खरी लांबी काढतात.

भरमसाट फरक पडतो तो दुसरीकडे. इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ‘वेब मर्केटर’ प्रक्षेपणात रंगवलेले असतात. पडद्यावर चित्र पटकन दाखवायला ते उत्तम, मोजायला कुचकामी. नाशिकच्या अक्षांशावर त्यात क्षेत्र १३-१४ टक्क्यांनी फुगतं. मोबाइल ॲपमधलं मोजण्याचं साधन सहसा गोल पृष्ठावरच हिशेब करतं, त्यामुळे तिथे धोका नाही. पण एखाद्याने संगणकावर नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेब मर्केटर तसंच ठेवून, सपाट समजून क्षेत्र काढलं, तर ४० गुंठ्यांचा एकर साडेपंचेचाळीस गुंठे दिसतो. गंगापूर रोडला साडेपाच गुंठे असे फुकट मिळत असते तर आणखी काय हवं होतं!

अचूकता नेमकी कुठे हरवते?

आकडे ‘कन्व्हर्ट’ केले असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात तीन निराळी कामं येतात आणि तिघांची विश्वासार्हता सारखी नाही.

अंश-मिनिटं-सेकंदाचे दशांश करणं हे नुसतं लिखाण बदलणं. काही हरवत नाही. अक्षांश-रेखांशाचे यूटीएम मीटर करणं, किंवा उलट, हे ठरलेलं सूत्र आहे. विभागाच्या आत ते मिलिमीटरच्याही आत बरोबर येतं. लोक प्रक्षेपणाला दोष देतात, पण ते बिचारं निर्दोष असतं. त्यात येणारी ओढाताण कुठे किती, याचा चोख हिशेब करता येतो.

तिसरं काम, डेटम बदलणं, तिथे मात्र जपून. एव्हरेस्ट आणि डब्ल्यूजीएस ८४ यांच्यात असं एकच चोख सूत्र नाही. जुनं जाळं माणसांनी डोंगरमाथ्यावर यंत्रं नेऊन कोन मोजत विणलेलं होतं. त्यात प्रदेशागणिक थोडीथोडी ओढ राहिली आहे. भारत-नेपाळसाठी जे तीन आकडे सर्रास वापरतात ते आहेत २९५, ७३६ आणि २५७ मीटर. लंबगोलाचं केंद्र तीन दिशांना एवढं सरकवायचं. याच आकड्यांसोबत त्यांची अनिश्चितताही नोंदलेली आहे: अनुक्रमे १२, १० आणि १५ मीटर, कमी किंवा जास्त. म्हणजे हे आकडे लावले की १२० मीटरची चूक दहा-पंधरा मीटरवर येते, शून्यावर नाही. सॉफ्टवेअर तरीही उत्तर दशांशाच्या आठ स्थळांपर्यंत देतं. तो त्याचा स्वभाव आहे, त्याला अचूकता समजू नये.

गटाची हद्द ठरवायला दहा मीटरची चूक चालणारच नाही. मग जमिनीवर अशा जागा शोधतात ज्या जुन्या नकाशातही आहेत आणि आजही शाबूत आहेत: गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथला दगड, जुनी विहीर, देवळाचा कोपरा. तिथे रोव्हरने नवे आकडे घ्यायचे आणि जुना नकाशा त्यांच्यावर बसवायचा. गाव नकाशांना तर मुळात अक्षांश-रेखांशच नसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दुसरा मार्गच नाही. त्यात कागद दमट हवेने आकसतो, घडीवर फाटतो. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद असते. अडीच मीटरच्या त्या पट्ट्यात बांध नेमका कुठे, हे संगणक सांगू शकत नाही.

“पण रोव्हर तर सेंटीमीटरपर्यंत सांगतो!”

सांगतो, पण कशाच्या संदर्भात? साधा मोबाइल मोकळ्या आकाशाखाली तीन ते दहा मीटरच्या आत चुकतो. इमारतींच्या दाटीत किंवा आंब्याखाली त्याहून जास्त. रोव्हरला कायमस्वरूपी संदर्भ केंद्रांच्या जाळ्यातून मोबाइल नेटवर्कवर सतत दुरुस्ती मिळत असते, म्हणून तो दोन-तीन सेंटीमीटरपर्यंत येतो. म्हणजे रोव्हरने दिलेला आकडा चोख असला तरी तो तपासायला मोबाइल वापरला, तर दिसणारी तफावत मोबाइलची असते. मोबाइलच्या नकाशामागचं उपग्रहचित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं, विशेषतः त्र्यंबक-इगतपुरीकडच्या डोंगराळ भागात. तिथे टिंब आणि चित्र दोन्ही हललेले.

दशांशस्थळांचा एक अंदाज हाताशी असावा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर, सहावं ११ सेंटीमीटर, सातवं एक सेंटीमीटर. चार स्थळांचा आकडा कुणी व्हॉट्सॲपवर पाठवून “इथेच खुंटी आहे” म्हणत असेल, तर तो अकरा मीटरच्या पट्ट्याबद्दल बोलतोय.

सेंटीमीटरच्या पातळीवर आणखी एक गोष्ट आडवी येते: जमीन स्वतःच चालते. भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतंय. उपग्रहांची चौकट पृथ्वीच्या केंद्राला बांधलेली, त्यामुळे तुमच्या दगडाचे आकडे दरवर्षी थोडे बदलतात. वीस वर्षांत एक मीटर. म्हणून काटेकोर कामात डेटमसोबत सालही लिहितात. ऑस्ट्रेलियाचं भूपट्ट आपल्याहून वेगात सरकतं. तिथे १९९४ चे आकडे २०२० च्या चौकटीत आणताना सारा देश १.८ मीटर हलवावा लागला. शेजाऱ्याचा दगडही तुमच्याबरोबरच सरकतो, म्हणून या कारणाने वाद होत नाही. जुने आणि नवे आकडे एकाच कागदावर मिसळले की होतो.

उंचीचं निराळंच

गोदाकाठच्या लोकांना पूररेषा ठाऊक आहे, आणि पूररेषा ठरते उंचीवरून. जीपीएस मुळात जी उंची देतं ती लंबगोलापासूनची. नकाशावरची, रेल्वे स्टेशनच्या पाटीवरची उंची समुद्रसपाटीपासूनची. नाशिक परिसरात समुद्रसपाटीची काल्पनिक पातळी लंबगोलाच्या साधारण ६० मीटर खाली आहे. म्हणजे ५७० मीटर उंचीच्या जागी जीपीएसची मूळ उंची ५१० च्या आसपास येईल. बहुतेक मोबाइल ॲप ही वजाबाकी गुपचूप सुधारून देतात, काही देत नाहीत. एखाद्याने कच्ची उंची घेऊन पूररेषेशी ताडून पाहिली, तर त्याचा बंगला गोदावरीच्या पात्राच्याही खाली निघायचा.

कागद हातात आल्यावर

आकड्यांच्या शेजारी डेटमचं नाव आणि यूटीएम असल्यास विभाग क्रमांक आहे का, ते आधी बघा. नसेल तर भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. प्रश्न साधा आहे आणि मोजणी करणाऱ्या भूकरमापकाला उत्तर माहीत असतं. मग सगळे कोपरे नकाशावर टाका, एकच टाकून निष्कर्ष काढू नका. सगळे कोपरे एकाच दिशेला सारख्याच अंतराने सरकलेले दिसले, तर डेटमचा किंवा मोबाइलच्या चित्राचा फरक आहे. गटाचा आकार तोच आहे. आकार तोच पण सगळा गट मोठा दिसतोय, तर प्रक्षेपण चुकलंय. आणि बाकीचे कोपरे चोख बसून एकच कोपरा शेजारच्या हद्दीत गेला असेल, तर आधी तो आकडा टाइप करताना अंक उलटेपालटे झाले का ते तपासा. तसं नसेल तर गणिताने काही होणार नाही. त्यासाठी वरिष्ठांकडून पुन्हा मोजून घ्यायची सोय आहे, तिला निमताना मोजणी म्हणतात, आणि तिचा अर्ज त्याच कार्यालयात मिळतो.